त्याग दुसऱ्याकडून मागता येतो का?

रुग्णसेवेविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. रुग्णाच्या उशाशी उभी असलेली परिचारिका, तिचा पांढरा गणवेश, तिची करुणा यांवर लेख येतात. १२ मे रोजी परिचारिका दिन साजरा होतो, मेणबत्त्या लावून शपथ घेतली जाते, गुलाबाचे फूल दिले जाते. या परिचारिकांची ड्युटी लिस्ट लावणाऱ्या बाईविषयी मात्र क्वचितच कोणी लिहिते. महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयाच्या कागदावर ती परिसेविका असते आणि तिच्या वरची अधिसेविका, म्हणजे जिला सगळे मेट्रन म्हणतात. खासगी रुग्णालयात हल्ली नर्सिंग मॅनेजर असे नाव आले आहे. वॉर्डातल्या मावशींपासून डॉक्टरांपर्यंत सगळे तिला नुसते ‘इन्चार्ज’ म्हणतात. ती इंजेक्शन फारसे देत नाही. तिच्या हातात पेन असते, खिशात किल्ल्या असतात आणि टेबलावर फोन असतो, जो सहसा वाईट बातमी आणतो.

नोकरीची शेवटची अकरा वर्षे मी हे काम केले, महाराष्ट्राबाहेरच्या एका मोठ्या रुग्णालयात. त्या काळात सत्संगात, अभ्यासवर्गात कर्मयोगाविषयी जे ऐकत होते ते दुसऱ्या दिवशी ड्युटी लिस्टपाशी येऊन अडत असे. अडत असे ते एकाच ठिकाणी. आपण निष्काम व्हावे, आपण सुखाचा त्याग करावा, आपण देह झिजवावा हे सगळे समजते. पण दुसऱ्या माणसाने त्याग करावा असे ठरवण्याचा अधिकार मला आहे का? ज्यांच्या हाताखाली चार माणसे काम करतात त्या सर्वांना हा प्रश्न कधी ना कधी भेटतो, मग ते काम रुग्णालयातले असो, शाळेतले असो किंवा आपल्या सेवाकार्यातले.

एक नेहमीचा प्रसंग घेऊ. दुपारचा दीड वाजलेला आहे. मेडिसीनचा वॉर्ड, तीस खाटा, पण रुग्ण सदतीस, कारण सात जण जमिनीवर गादी टाकून झोपवलेले आहेत. दुपारच्या पाळीला तीन परिचारिका यायच्या होत्या. एकीचा फोन येतो की मुलाला ताप आहे, फिट येऊन गेली. दुसरी मातृत्वाच्या रजेवर गेली, तिच्या जागी माणूस दिलेले नाही. म्हणजे आली एकच. सकाळच्या मुली हँडओव्हर देऊन निघण्याच्या तयारीत आहेत. इन्चार्ज त्यांच्याकडे बघते. सगळ्या जणी नजर टाळतात, कारण तिला काय विचारायचे आहे हे त्यांना ठाऊक असते. शेवटी ती त्यांच्यातल्या सगळ्यात गरीब स्वभावाच्या मुलीला म्हणते, “अगं, आजचा दिवस थांबतेस का? रुग्णांकडे बघ जरा. सेवाच आहे ही.” मुलगी “बरं सिस्टर” म्हणते आणि थांबते.

यात खोटे काहीच नाही. रुग्ण खरे आहेत, गरज खरी आहे, आणि ते काम सेवा आहे हेही खरे. तरीही ‘सेवा’ हा शब्द त्या वाक्यात काय काम करतो ते नीट पाहायला हवे. तो शब्द नसता तर ती विनंती झाली असती, आणि विनंतीला नाही म्हणता येते. तो शब्द आला की नाही म्हणणारी मुलगी स्वार्थी ठरते, रुग्णांना सोडून जाणारी ठरते, स्वतःच्याच नजरेत खाली येते. म्हणजे एका पवित्र शब्दाने तिचा निवडीचा दरवाजा बंद केला.

स्वामी विवेकानंदांनी १८९५-९६ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कमध्ये कर्मयोगावर जी व्याख्याने दिली, त्यांत गुलामासारखे काम आणि स्वामीसारखे काम हा भेद ते फार जोर देऊन सांगतात. बाहेरून दोन्ही कामे सारखी दिसू शकतात. दोघेही राबतात, दोघेही थकतात. फरक आहे तो स्वातंत्र्याचा, आणि स्वातंत्र्य नाही तिथे प्रेमही येऊ शकत नाही, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. आपण हा भाग वाचतो तेव्हा स्वतःला त्या काम करणाऱ्याच्या जागी ठेवतो आणि मी गुलामासारखे करतो की स्वामीसारखे, असे विचारतो. इन्चार्जला तो उलट्या बाजूने वाचावा लागतो. माझ्या बोलण्याने, माझ्या लिस्टने मी समोरच्या मुलीचे काम गुलामाचे करते आहे की तिला स्वामीसारखे काम करण्याची जागा ठेवते आहे?

ओळखायचे कसे, असे कोणी विचारील. मला एक साधी खूण सापडली होती. तिने नाही म्हटले तर पुढच्या महिन्यात तिच्या लिस्टमध्ये काही बदलेल का? तिला जास्त रात्री लागतील का, तिची रजा अडेल का, मेट्रनच्या राउंडमध्ये तिच्याविषयी एखादे वाक्य निघेल का? यांतले काही होणार असेल तर तिचे थांबणे त्याग नाही. ती भीती आहे, आणि तिला सेवा म्हणणे ही आपल्या सोयीची भाषा आहे. कंत्राटावर लागलेल्या मुली, नुकत्या परीक्षा देऊन आलेल्या, दूरच्या राज्यातून एकट्या आलेल्या, यांच्यापाशी ‘नाही’ हा शब्दच नसतो. आणि थांबायला बहुधा त्यांनाच सांगितले जाते. जी भांडखोर म्हणून प्रसिद्ध आहे तिला कोणी सेवेचे महत्त्व सांगत नाही, हे मी अनेक वर्षे पाहिले.

परिचारिकांना देवदूत म्हणण्याच्या आपल्या सवयीचाही याच्याशी संबंध आहे. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी पाच वाजता देशभर थाळ्या वाजल्या. त्यामागची कृतज्ञता खरी होती आणि अनेकींचे डोळे तेव्हा भरून आले. पण देवदूताला भाडे भरावे लागत नाही, पाळी येत नाही, त्याच्या सासूचा मोतीबिंदू काढायचा नसतो. माणसाला एकदा देव्हाऱ्यात बसवले की त्याचा पगार विचारायची गरज उरत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाविषयी शिफारस केली. दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात राज्य सरकारी परिचारिकेइतके वेतन असावे आणि पन्नासपेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीही ते महिना २० हजार रुपयांच्या खाली नसावे. इतकी साधी गोष्ट न्यायालयाला सांगावी लागली, तीही ज्यांना आपण देवदूत म्हणतो त्यांच्यासाठी.

यावर एक खरा आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. दीड वाजला आहे, सदतीस रुग्ण समोर आहेत, सहा नंबरच्या आजोबांना ऑक्सिजन चालू आहे, अकरा नंबरला रक्त लावले आहे. अशा वेळी स्वातंत्र्याची चर्चा करत बसायचे का? नाही. त्या क्षणी कोणाला तरी थांबवावेच लागते, आणि न थांबवणारी इन्चार्ज अधिक मोठा अधर्म करील. पण म्हणूनच खरा नैतिक प्रश्न दीड वाजता उभा नसतो. तो दीड वाजण्याच्या आधीच्या सहा महिन्यांत आणि नंतरच्या आठ दिवसांत असतो. आधीच्या सहा महिन्यांत तिने माणसे मागितली का? आणि नंतरच्या आठ दिवसांत थांबलेल्या मुलीची सुट्टी तिला परत मिळाली का?

इथे पुष्कळ सज्जन इन्चार्ज एक वेगळा मार्ग काढतात. त्या स्वतःच थांबतात. मुलींना सांगतात, “जा गं तुम्ही, मी आहे.” आठवड्यातून तीनदा, वर्षानुवर्षे. अशा बायकांविषयी माझ्या मनात आदर आहे, आणि दुसऱ्याच्या खांद्यापेक्षा स्वतःच्या खांद्यावर ओझे घेणे केव्हाही चांगले. तरीही याचे दोन परिणाम मी जवळून पाहिले आहेत. पहिला असा की कमतरता कोणाला दिसतच नाही. वरच्या कार्यालयात कागदावर वॉर्ड व्यवस्थित चाललेला असतो, मग जागा भरायच्या कशाला? दुसरा परिणाम आतला आहे. ‘माझ्याशिवाय हा वॉर्ड चालत नाही’ हे वाक्य सुरुवातीला तक्रार म्हणून येते, नंतर त्यात गोडी लागते. साधनेच्या मार्गावर असलेल्या माणसाने त्या गोडीला फार जपून असावे. देह झिजतो आहे म्हणजे अहंकार झिजतो आहे असे नसते. कित्येकदा तो त्याच झिजेवर पोसला जातो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे चित्र आपण हातात दिवा घेतलेली बाई असेच पाहतो. पण त्यांच्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकात एक संपूर्ण प्रकरण बारीकसारीक व्यवस्थापनावर आहे. त्याचा गाभा असा की तुम्ही हजर असताना जे कराल ते तुम्ही नसतानाही होईल अशी व्यवस्था केली नसेल, तर तुमची सगळी शुश्रूषा वाया जाण्याचा धोका आहे. आपल्यावाचून सगळे अडते यात मोठेपणा मानणाऱ्यांची त्या तिथे चांगली हजेरी घेतात. क्रिमियाच्या युद्धात १८५४ साली त्या स्कुटारीच्या रुग्णालयात पोहोचल्या तेव्हा दिव्याइतकाच त्यांच्या हातात हिशोब होता. किती चादरी, किती सदरे, कोणते गटार तुंबले आहे, मृत्यू कशाने होताहेत. आपण दिवा लक्षात ठेवला आणि वही विसरलो.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार येतात. तामस म्हटले की आपल्याला आळस आठवतो. पण आळसाचा उल्लेख तिथे तामस कर्त्याच्या वर्णनात आहे. तामस कर्माच्या वर्णनात भर आहे तो निराळ्या गोष्टीवर. स्वतःची कुवत आणि होणारी हानी यांचा अंदाज न घेता मोहापोटी कामात उडी घेणे. रुग्णालयात या श्लोकाचा अर्थ फार लवकर कळतो. पहाटे पाचला उठलेली, डबा करून, मुलांना आवरून आलेली परिचारिका डबल ड्युटी करून रात्री आठ वाजता उभी असते, तेव्हा तिची कुवत संपलेली असते. सलग सतरा तास जागलेल्या माणसाच्या प्रतिक्रिया थोडे मद्य घेतलेल्या माणसासारख्या मंदावतात, असे प्रयोगांत दिसून आले आहे. तिच्या हातात सिरिंज आहे. हा त्याग तिच्यापुरता राहिलेला नाही. त्याची किंमत रुग्ण देऊ शकतो, ज्याला कोणी विचारलेही नव्हते.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष असा की वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सर्वसाधारण वॉर्डाला तीन खाटांमागे एक आणि इतर रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका असावी, शिवाय रजा-सुट्ट्यांसाठी सुमारे ३० टक्के जास्तीचे मनुष्यबळ असावे. ही संख्या सगळ्या पाळ्या मिळून आहे, म्हणजे एका पाळीला त्यातल्या थोड्याच जणी असतात. तेवढ्याही नसतात हे आपण कोणीही सरकारी रुग्णालयात जाऊन डोळ्यांनी पाहू शकतो. तेव्हा इन्चार्जचा धर्म काय? माझ्या मते पत्र लिहिणे. दर महिन्याला, तारीख घालून, किती खाटा, किती रुग्ण, किती हजर, किती डबल ड्युट्या, आणि जावक क्रमांक टाकून त्याची प्रत जपून ठेवणे. आध्यात्मिक वृत्तीच्या माणसांना हे काम आवडत नाही. त्यांना वाटते की मागणी करणे म्हणजे अपेक्षा ठेवणे, अपेक्षा म्हणजे आसक्ती, आणि वरिष्ठांशी वाद म्हणजे मनाची शांती जाणे. पण ही मागणी स्वतःसाठी नाही. स्वतःसाठी काही न मागणे हा वैराग्याचा भाग असेल. हाताखालच्या मुलींसाठी न मागणे यात वैराग्य कुठले? आणि फलाची आसक्ती सोडून कर्म करण्याची यापेक्षा चांगली जागा मला तरी माहीत नाही. चाळीस पत्रे जातात, उत्तर एकाचे येते, आणि एकेचाळिसावे पत्र तितक्याच नीटपणे, शब्दात कडवटपणा येऊ न देता लिहायचे असते.

आता ड्युटी लिस्टकडे येऊ, कारण समत्वाची खरी परीक्षा तिथे होते. महिन्याच्या पंचवीस-सव्वीस तारखेला ती लागते. भिंतीवर कागद चिकटला की पाच मिनिटांत गर्दी होते आणि पहिल्यांदा पाहिले जाते ते स्वतःचे नाव नव्हे. दुसरीच्या नावापुढे किती रात्री आहेत हे आधी मोजले जाते! सगळ्यांना सारख्या रात्री लावल्या की समत्व झाले, असे नव्या इन्चार्जला वाटते. तसे नाही. एकीला सहा महिन्यांचे बाळ आहे, एकीचे गुडघे गेले आहेत, एकीच्या घरी अंथरुणाला खिळलेले सासरे आहेत. त्यांना सांभाळून घ्यावे तर रात्री कोणाकडे जातात? बहुधा अविवाहित मुलींकडे. केरळहून, मणिपूरहून, कोकणातल्या खेड्यातून आलेल्या, होस्टेलवर राहणाऱ्या. “तुला काय गं, तुझ्यामागे कोण आहे?” हे वाक्य त्यांनी किती वेळा ऐकलेले असते. लग्न झाले नाही म्हणजे घर नाही असे आपण धरून चालतो. दिवाळीत ड्युटी तिचीच, आणि ओणमला किंवा नाताळला सुट्टी मागितली तर “इथे कोण करतं ते?”

करुणेला एक खोड आहे. जे दुःख बोलून दाखवले जाते त्याच्याकडे ती आधी धावते. बाळाचा फोटो मोबाइलवर दिसतो. होस्टेलमधल्या मुलीचे एकटेपण दिसत नाही, आणि तिच्या आईचे आजारपण बाराशे किलोमीटरवर असते. एकीला दिलेली सवलत ही हवेतून येत नाही, ती दुसरीच्या झोपेतून कापलेली असते. म्हणून सवलत देऊ नये असे मी म्हणत नाही. द्यावीच. पण ज्या मुलीच्या झोपेतून ती दिली तिला तसे सांगावे, तिची संमती घ्यावी, आणि ते वहीत लिहून ठेवावे म्हणजे सहा महिन्यांनी उलट फेड करता येते. दुसऱ्याच्या खिशातून केलेल्या दानाचे पुण्य आपल्या नावावर लावून घेण्याचा मोह इन्चार्जला फार असतो. “आमच्या सिस्टर फार प्रेमळ” असे बाळंतीण म्हणते, आणि त्या प्रेमाची रात्र दुसरीच जागते.

नातेवाइकांचा राग, डॉक्टरांची ओरड, संपलेले सलाईनचे सेट, धोब्याकडून न आलेल्या चादरी, रात्रीत गायब झालेला बी.पी.चा पट्टा यांविषयी लिहायला बसले तर एक पुस्तक होईल. ते सगळे थकवणारे असते, पण त्यात नैतिक कोडे फारसे नसते. शांत राहावे, चादरींचा पाठपुरावा करावा. महाराष्ट्रात रुग्णालयातील हिंसाचाराविरुद्ध २०१० पासून कायदा आहे, तो नातेवाइकांना दिसेल अशा ठिकाणी लावून ठेवावा. कोडे आहे ते चुकीच्या नोंदीत.

समजा रात्रपाळीच्या मुलीने सकाळी येऊन सांगितले की तिने पोटॅशियम क्लोराइडची कुपी दुसरे औषध समजून सिरिंजमध्ये भरली होती, आणि टोचण्याआधी लेबल पुन्हा वाचले म्हणून थांबली. हे औषध पातळ न करता थेट शिरेत गेले तर हृदय बंद पडू शकते. रुग्णाला काही झालेले नाही. कोणी पाहिलेले नाही. मुलगी रडते आहे. करुणा म्हणते, जाऊ दे, पोरगी प्रामाणिक आहे, कागदावर आले तर तिची नोकरी जाईल. सत्य म्हणते, नोंद कर. इथे पुष्कळ जण करुणा निवडतात आणि त्यांना वाटते आपण हृदयाचे ऐकले.

मला असे दिसते की या दोन्हींत विरोध वाटतो तो आपण प्रश्न त्या मुलीपुरता पाहतो म्हणून. ती कुपी चुकीच्या जागी का होती? दोन सारख्या दिसणाऱ्या कुप्या एकाच ट्रेमध्ये कोणी ठेवल्या? पोटॅशियम वेगळे, कुलपात, ठळक लेबल लावून ठेवण्याची पद्धत आहे, ती पाळली गेली नव्हती. रात्री दोन वाजता बत्तीस रुग्णांमागे ती एकटी का होती? नोंद केली तर हे प्रश्न विचारले जातात. दडवली तर मुलगी वाचते आणि कुपी त्याच ट्रेमध्ये राहते, पुढच्या मुलीची वाट पाहत. म्हणजे ज्या करुणेने एकीला झाकले तिने अजून न आलेल्या एका रुग्णाला उघड्यावर टाकले. मात्र सत्याची बाजू घेणाऱ्या इन्चार्जवर एक जबाबदारी येते. तिने त्या मुलीच्या शेजारी उभे राहायला हवे. चौकशीच्या खोलीत तिच्यासोबत जायला हवे, आणि ‘हिने स्वतः येऊन सांगितले’ हे वाक्य नोंदीत पहिले लिहायला हवे. नुसते सत्य वर पाठवून स्वतः मोकळे होणे हा सत्यनिष्ठेचा फार स्वस्त प्रकार आहे. त्या सकाळी इन्चार्जच्या तोंडून पहिला शब्द कोणता निघतो यावर पुढची दहा वर्षे त्या वॉर्डात चुका सांगितल्या जातील की गिळल्या जातील हे ठरते. तिथे वाणीच्या तपाचा उपयोग होतो, आणि ते तप आदल्या रात्री झोप झाली नसताना करायचे असते.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल की यात हिशोबच फार आहे. नियम, नोंदी, वह्या, संमती. त्यात प्रेम कुठे राहिले? मोठा त्याग, सर्वस्व ओतणे, याला काही जागा आहे की नाही?

आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात अतिरेकी शिरले तेव्हा प्रसूती वॉर्डातल्या परिचारिकेने सुमारे वीस गर्भवती स्त्रियांना एका लहानशा खोलीत नेऊन दडवले आणि त्यांचे प्राण वाचवले. गोळ्या चालू असताना एकीच्या प्रसूतिवेदना सुरू झाल्या, तर तिला भिंतीच्या कडेने प्रसूतिगृहात पोहोचवले. असा हुकूम कोणत्याही ड्युटी लिस्टवर नव्हता आणि तो कोणाला देताही आला नसता. असा त्याग आतून उगवतो. कोणाकडून तो मागून घेण्याची सोय नाही, आणि रोजच्या कमतरतेवर उपाय म्हणून त्याचे उदाहरण पुढे करणे हा त्याचा अपमान आहे. अशा रात्रीचे स्मरण देऊन कंत्राटी मुलीला विनामोबदला थांबवले जाते तेव्हा मला फार वाईट वाटते.

आणि प्रेमाविषयी म्हणाल तर मला परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील अरुणा शानबाग यांची आठवण होते. त्या स्वतः तिथल्या परिचारिका. नोव्हेंबर १९७३ मध्ये झालेल्या हल्ल्यानंतर त्या कधीच पूर्ववत झाल्या नाहीत, आणि १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत जवळजवळ ४२ वर्षे त्याच रुग्णालयातल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. २०११ मध्ये त्यांच्या दयामरणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात आला तेव्हा त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, याचा विचार न्यायालयाला करावा लागला, आणि न्यायालयाने तो के.ई.एम.च्या कर्मचाऱ्यांचा मानला. इतक्या वर्षांत त्यांना बेडसोअर झाले नव्हते, ही गोष्ट तेव्हा सगळ्यांनी आदराने नमूद केली. आपल्या व्यवसायातल्या माणसाला याचा अर्थ लगेच कळतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी लागते. दिवसाला बारा वेळा, वर्षाला चार हजारांहून अधिक वेळा. एखादी पाळी जरी विसरली तरी पाठ लाल होते.

हे कोणी एकीने केले नाही. १९७३ मध्ये ज्यांनी अरुणाताईंसोबत काम केले त्या परिचारिका २०१५ पर्यंत कधीच निवृत्त झाल्या होत्या. शेवटच्या वर्षांत ज्या मुलींनी त्यांना भरवले, पुसले, त्यांपैकी अनेकींचा त्या घटनेच्या वेळी जन्मही झाला नव्हता. मग प्रेम एका पिढीकडून दुसरीकडे गेले कसे? भावनेने गेलेच असेल, पण भावना रोज तीन वेळा बदलणाऱ्या पाळीत टिकत नाही. ते हँडओव्हरमधून गेले. ‘पाठ बघून घे, भरवताना डोके उंच ठेव, मासे आवडतात’ अशा सूचनांमधून, आणि कोणीतरी दर महिन्याला त्या कोपऱ्यातल्या खोलीचे नाव लिस्टमध्ये न विसरता लिहिले यामधून. सामान्य मुलींना, थकलेल्या मुलींना, घरी कटकटी असलेल्या मुलींना आपापल्या कुवतीएवढे प्रेम करता येईल आणि त्या सगळ्यांचे मिळून ते पुरे पडेल, अशी रचना तिथे टिकली. प्रत्येकीकडून अमर्याद त्याग मागितला असता तर ते चार वर्षेही चालले नसते.

जाता जाता आपल्या स्वतःच्या कार्याविषयी. आपली आरोग्य शिबिरे होतात, रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे चालतात, रुग्णालयात रात्री बसणाऱ्या स्वयंसेवकांच्या याद्या लागतात. या याद्या लावणाऱ्या बंधू-भगिनींनी एकदा मागच्या वर्षभराच्या याद्या समोर घेऊन पाहावे. कोणाची नावे पुन्हा पुन्हा येतात? बहुधा ती अशांची असतात ज्यांना नाही म्हणता येत नाही, आणि आपण त्यांना ‘समर्पित’ म्हणत असतो. त्यांना एकदा एकटे गाठून विचारावे, या महिन्यात नको आहे का. पहिल्यांदा ते “नाही नाही, करतो की” असेच म्हणतील. दुसऱ्यांदा विचारावे. आणि हो म्हणाले की नको आहे, तर त्या महिन्यात त्यांचे नाव खोडावे, कारण विचारू नये, आणि पुढच्या महिन्यात भेटल्यावर आवाजात काही फरक पडू देऊ नये. रिकाम्या झालेल्या जागी कोण, हा प्रश्न उरेलच. तो मोठ्याने, बैठकीत, सगळ्यांसमोर मांडावा.